आठवडे बाजारातील बैठक आणि आपली शेती
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरिपाच्या तोंडावर बियाणे, खते आणि आंतरमशागत या विषयांवर बोलण्याची आमची प्रथा आहे. ही माहिती आपणांस मेळाव्यातून, आकाशवाणीवरून आणि या मासिकातूनही मिळत असते. आज मात्र मी एका ठिकाणाविषयी बोलणार आहे. कोणते वाण घ्यायचे, पेरणी कधी धरायची, माल आता विकायचा की दिवाळीनंतर, यांपैकी पुष्कळसे निर्णय आपण ज्या ठिकाणी घेता ते ठिकाण म्हणजे बाजाराच्या दिवशीची आपली मित्रांची बैठक.

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी, चाकणचा शनिवारी, घोडेगावचा शुक्रवारी. आपल्या तालुक्याचा वार आपणांस ठाऊक आहेच. बाजार कोणताही असो, तेथे चिंचेखाली, चहाच्या हॉटेलपुढील बाकड्यावर किंवा अडत दुकानाच्या ओट्यावर चार-सहा माणसे ठरलेल्या वेळी येऊन बसतात. कोणी शाळेपासूनचे सोबती असतात, कोणाची ओळख बैलांच्या सौद्यात झालेली असते. मिरच्या, मीठ, दोरखंड, नांगराचा फाळ अशी खरेदी तासाभरात आटोपते. पुढचे दोन तास बोलण्यात जातात. घरची मंडळी म्हणतात, "बाजाराला जातात ते गप्पा मारायलाच." यात थोडे तथ्य असले, तरी त्या गप्पांना कमी लेखणे बरोबर नाही, असे माझे मत आहे.

निर्णय कोठे होतो?

अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याचे संकरित बियाणे कसे पसरले, याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी केला आणि तो १९४३ साली प्रसिद्ध झाला. कृषी विस्तार शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो आजही शिकवला जातो. त्यांनी २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. नव्या बियाण्याची पहिली बातमी सर्वाधिक शेतकऱ्यांना विक्रेत्यांकडून लागली होती. बियाणे खरोखर घ्यावे असे मनाने घेतले, ते मात्र सर्वांत जास्त करून शेजारच्या शेतकऱ्याच्या सांगण्यावरून. पहिल्यांदा ऐकल्यापासून प्रत्यक्ष पेरणीचा निर्णय होईपर्यंत सरासरी नऊ वर्षे गेली. शिवाय बहुतेकांनी एकदम सगळे शेत नव्या बियाण्याखाली न घालता आधी लहान तुकड्यावर त्याची परीक्षा घेतली.

आपल्याकडेही याहून वेगळे घडत नाही. आम्ही शिफारस करतो, दुकानदार जाहिरात करतो आणि शेवटी आपण बाजारात नानाला विचारता, "अरे नाना, तू ते पेरलं होतंस ना, कसं आलं?" नाना जे सांगेल ते आपण मानता. ते योग्यही आहे, कारण नानाला त्यात काही विकायचे नसते, त्याची जमीन आपण पाहिलेली असते आणि त्याने थाप मारली तर पुढच्या बाजारी त्याला आपल्यासमोरच बसायचे असते. आता मोबाइलवर दिवसाला पन्नास संदेश येतात. त्या संदेशामागे कोणाचे शेत आहे, जमीन भारी की हलकी, पाणी होते की नव्हते, याचा पत्ता लागत नाही. बैठकीतल्या मित्राचे शेत मात्र बांधावर उभे राहून पाहता येते.

या बैठकीची आणखी एक बाजू आहे. पाच मित्र पाच गावांचे असले, तर पाच शिवारांची माहिती दर आठवड्याला एका जागी येते. काळी, मुरमाड, चोपण, बागायत आणि जिरायत अशा सगळ्या प्रकारच्या जमिनी त्या एका बाकड्यावर बसलेल्या असतात. अडचण एवढीच, की ही माहिती बहुधा मापावाचून सांगितली जाते आणि मापावाचून सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या शेतात नेली की फसते. ते कसे, हे काही उदाहरणांनी पाहू.

पाऊस किती झाला?

"आमच्याकडं जोरात झाला, ओढ्याला पाणी आलं." "आमच्याकडं बोटभर ओल गेली." जूनमध्ये बैठकीत असे बोलणे चालते आणि ते ऐकून ज्याच्याकडे कमी पाऊस झाला तोही पाभर बाहेर काढतो. सोयाबीनसाठी साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरणी करावी, अशी शिफारस आहे. ओढ्याला पाणी येणे हे त्याचे माप नव्हे. अर्ध्या तासात पडलेला जोराचा पाऊस वाहून जातो आणि वीतभर खाली माती कोरडीच राहते. पुढे पावसाने दहा-बारा दिवसांची ओढ दिली की दुबार पेरणी आली. तेव्हा बियाणे, खत आणि पेरणीची मजुरी असा दुहेरी खर्च अंगावर बसतो.

उपाय सोपा आहे. तळ आणि तोंड सारख्याच रुंदीचा, सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा घ्यावा. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर तो घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता शाळेच्या पट्टीने आतील पाणी मिलिमीटरमध्ये मोजून कॅलेंडरवर लिहावे आणि डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. पाच मित्रांनी पाच गावांत असे डबे ठेवले, तर बाजाराच्या दिवशी "जोरात झाला" याऐवजी "मंगळवारी २२, गुरुवारी ९" असे बोलणे होईल आणि पेरणी कोणी करावी व कोणी थांबावे, हे ज्याचे त्याला कळेल.

बियाणे उगवेल का?

मित्राकडून घरचे सोयाबीन बियाण्यासाठी घेणे ही चांगली पद्धत आहे. पैसे वाचतात आणि वाण डोळ्यांसमोर वाढलेले असते. परंतु सोयाबीनचे बाह्य आवरण नाजूक असते. मळणी यंत्राचे फेरे जास्त असतील किंवा पोती आपटली गेली असतील, तर दाणा दिसायला ठणठणीत असूनही उगवत नाही. मग शेजारधर्मात वितुष्ट येते, ते वेगळेच.

येथे बाजाराचा आठवडा फार उपयोगी पडतो. एका बाजारी बियाणे घरी न्यावे. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून दाणे घेऊन, न निवडता १०० दाणे मोजावेत. गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडून ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी, म्हणजे पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, गुंडाळी उघडून चांगले मोड आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे एकरी ३५ किलो लागेल. ६० पेक्षा कमी उगवले तर ते पेरू नये, खाण्या-विकण्याकडे वळवावे. हा आकडा घेऊन आपण बैठकीला गेलात, तर देणाराही निश्चिंत होतो आणि घेणाराही.

भाव कोणाला जास्त मिळाला?

बैठकीत सर्वांत जास्त बोलणे भावाचे होते. जनावरांच्या बाजारात आजही काही ठिकाणी रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. पाहणाऱ्याला त्यातला आकडा कळत नाही. धान्याच्या बाबतीत आकडा उघड सांगितला जातो, पण तोही पुष्कळदा अर्धाच असतो.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. आबाने सोयाबीन ४,२०० रुपये क्विंटलने विकले आणि अण्णाने ४,०५० ने. बैठकीत अण्णाला सगळे हसले. आबाच्या मालात ओलावा १२ टक्के होता आणि अण्णाच्या मालात १६ टक्के. अण्णाच्या १० क्विंटलचे ४०,५०० रुपये झाले. तोच माल त्याने १२ टक्क्यांपर्यंत वाळवला असता, तर वजन घटून सुमारे ९ क्विंटल ५५ किलो भरले असते आणि ४,२०० च्या दराने सुमारे ४०,१०० रुपये आले असते. म्हणजे हसण्यासारखे काही झालेच नव्हते. उलट वाळवणीची मजुरी वाचली. ओलाव्यापोटी व्यापाऱ्याने भाव आणखी उतरवला असता, तर मात्र वाळवणे फायद्याचे ठरले असते. हा हिशेब दर वेळी वेगळा येतो, म्हणून तो मांडून पाहावा लागतो.

त्यासाठी बैठकीत भाव सांगताना चार गोष्टी सोबत सांगाव्यात: ओलावा किती होता, काडीकचरा किती धरला, हमाली, तोलाई व गाडीभाडे किती गेले आणि पट्टीवर हातात किती पडले. सगळ्यांत उत्तम म्हणजे पट्टी खिशातून काढून दाखवावी. उताऱ्याचेही तसेच. "एकरी बारा पोती झाली" यावरून काही समजत नाही. ६० किलोची बारा पोती म्हणजे ७ क्विंटल २० किलो आणि ९० किलोची नऊ पोती म्हणजे ८ क्विंटल १० किलो. नऊ पोतीवाला येथे पुढे आहे. शिवाय तो एकर चाळीस गुंठ्यांचा पुरता होता की बांध-ताली धरून, हेही विचारावे.

टोपणाचे माप जिवावर बेतते

आतापर्यंतच्या चुकांत पैसे जातात. फवारणीच्या चुकीत माणूस जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही गोष्ट आपण कोणीही विसरता कामा नये.

बैठकीत ऐकू येते, "पंपाला दीड टोपण टाक, अळी सकाळी पडलेली दिसते." आता हे टोपण कोणत्या बाटलीचे? एका बाटलीचे टोपण दुसऱ्या बाटलीच्या दुप्पट मोठे असू शकते. पंप कोणता? कोणाचा १५ लिटरचा, कोणाचा २० लिटरचा, तर कोणाचा पेट्रोलवर चालणारा. पेट्रोल पंपाला एकरी पाणी कमी लागते, म्हणून त्याचे प्रतिपंप प्रमाण हातपंपाला लावता येत नाही. समजा, लेबलवर एकरी १०० मिलिलिटर औषध २०० लिटर पाण्यातून फवारण्यास सांगितले आहे. मग १५ लिटरच्या पंपाला साडेसात मिलिलिटर औषध पुरते. दीड टोपणात ते पंधरा मिलिलिटरही जाऊ शकते. त्यात कोणी "जोडीला दुसरं एक घाल" म्हटले, की शिफारस नसलेले मिश्रण तयार झाले.

तेव्हा मित्राने औषध सांगितले, तर त्याचे नाव जरूर लिहून घ्यावे, प्रमाण मात्र लेबलवरूनच घ्यावे आणि मापाच्या भांड्याने मोजावे. डब्यावरील त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यामानाने कमी विषारी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उपाशीपोटी किंवा भर उन्हात फवारू नये. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. पीक डोक्याएवढे वाढले असेल, तर फवारा सरळ नाकातोंडात जातो, याची जास्त काळजी घ्यावी. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले, तर काम थांबवून अंगावरचे कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे आणि औषधाच्या डब्यासह ताबडतोब दवाखाना गाठावा. कोणते औषध होते हे डब्यावरून समजले, तर डॉक्टरांना उपचार लवकर करता येतात.

कीड ओळखण्याच्या बाबतीतही बोलण्यापेक्षा नमुना बरा. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिच्या डोक्यावर इंग्रजी उलट्या वाय अक्षरासारखी खूण असते आणि शेपटाकडच्या भागावर चार ठिपके चौकोनात असतात. अशी खूण ऐकून लक्षात राहत नाही. झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीत अळी आणि पान घालून बैठकीत आणले, तर पाचही जणांना ती कायमची ओळखू येते. ओळख पटली नाही, तर तीच बाटली कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडे न्यावी.

भगिनींची बैठक

बाजारात भाजीची पाटी घेऊन वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी बसणाऱ्या भगिनींचीही अशीच बैठक असते. तिच्याकडे आम्हा विस्तारकार्य करणाऱ्यांचे लक्ष कमीच गेले आहे. घेवडा, वाल, दोडका, गवार यांचे बी अनेक ठिकाणी अशाच ओळखीतून एका पदरातून दुसऱ्या पदरात जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० सालचा पद्मश्री सन्मान मिळाला. भगिनींना माझी विनंती आहे, की बी देताना कागदाच्या पुडीवर पिकाचे नाव, गाव, पेरणीचा महिना आणि बी धरल्याचे वर्ष लिहावे. लिहिता येत नसेल, तर घरच्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे.

बाकड्यावर रिकामी राहिलेली जागा

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो.

माझ्या माहितीतील एका बैठकीत पाच मित्र वीस-पंचवीस वर्षे जमत आहेत. त्यांतील एक जण सलग तीन बाजार आला नाही. पहिल्या बाजारी कोणी म्हणाले, पाहुणे आले असतील. दुसऱ्या बाजारी म्हणाले, कामात असेल. तिसऱ्या बाजारानंतर मात्र दोघे जण संध्याकाळी त्याच्या घरी गेले. पावसाने दगा दिल्याने त्याचे पीक हातचे गेले होते आणि बैठकीतल्याच एकाकडून घेतलेले हातउसने पैसे परत करता येत नव्हते. तोंड कसे दाखवायचे, म्हणून तो बाजार चुकवीत होता. ज्याचे पैसे होते तोच म्हणाला, "पैशाचं पुढं बघू. तू आधी बाजाराला ये." त्यानंतर चौघांनी बसून त्याच्या सगळ्या देण्याचा कागद केला. सोसायटीचे किती, सावकाराचे किती, दुकानाचे किती, हे प्रथमच एका जागी लिहिले गेले. पीककर्जाच्या नव्या-जुन्याची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. एक जण त्याच्याबरोबर गेला आणि ते काम करून आला. कर्ज फिटले नाही, पण माणूस पुन्हा बाकड्यावर येऊन बसला.

बंधूंनो, संकटात सापडलेला शेतकरी बहुधा कोणत्याही कार्यालयात जाऊन आपले दुःख सांगत नाही. तो बोलायचे कमी करतो, बैठक टाळतो, कधी दारूकडे वळतो, कधी मन लावून सांभाळलेले जनावर अचानक विकून टाकतो. हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या आधी बाजारच्या मित्रांना दिसते. म्हणून असा नियम करावा, की एखादा सोबती निरोप न देता दोन बाजार आला नाही, तर तिसऱ्या बाजाराची वाट न पाहता त्याच्या घरी जायचे. त्याला सरळ विचारायचे, "मनात काही वाईट येतंय का?" असे विचारल्याने वाईट विचार वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवण्यास सांगायचे आणि त्याला एकटे सोडायचे नाही. टेली-मानस या शासनाच्या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे चोवीस तास बोलता येते. शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक हॉटेलमालकाच्या परवानगीने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

आपल्या गप्पा बंद करून तेथे शाळा भरवावी, असे मी मुळीच म्हणत नाही. चेष्टा, मस्करी, कुस्तीच्या आठवणी आणि सोयरिकीच्या गोष्टी चालूच राहाव्यात. त्याशिवाय बैठक टिकत नाही आणि बैठक टिकली नाही, तर वरचे काहीच होणार नाही. फक्त पाव तास वेगळा काढावा आणि एक शंभर पानी वही ठेवावी. कोणी नवी गोष्ट सांगितली, की चार प्रश्न विचारावेत: किती गुंठ्यांत केले? कशाने मोजले? जमीन आणि पाणी कसे होते? शेजारी जुन्या पद्धतीचा तुकडा ठेवला होता का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर ती गोष्ट आपण यंदा पाच-दहा गुंठ्यांवरच करून पाहावी आणि शेजारचे चार तास जुन्या पद्धतीने ठेवावेत. दोन्हींचे वजन काट्यावर करून तो आकडा वहीत लिहावा.

येत्या बाजारी वही आणि पेन्सिल घेऊन जा. पहिल्या पानावर सर्व सोबत्यांची नावे आणि गावे लिहा. दुसऱ्या पानावर प्रत्येक गावचा त्या आठवड्याचा पाऊस लिहा. कोणी आला नसेल, तर त्याच्या नावापुढे तशी खूण करा आणि घरी जाताना त्याच्या वस्तीवरून जा.